शेवटचा हात

को घराण्याच्या बायकांना दोन गोष्टींचा भारी ताठा होता. एक म्हणजे, आपल्या घरच्या फोची, हाडांच्या रश्श्यातल्या शेवयांची, सर हानोईच्या कुठल्याही दुकानाला येणार नाही. आणि दुसरं म्हणजे, श्राद्धाचं पातेलं आपण कधी चाखत नाही. घरातल्या गेलेल्या माणसानं आधी जेवायचं, मग जिवंतांनी. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं पान देव्हाऱ्यावर ठेवणारी सून त्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. निदान सगळे तसं म्हणत.

न चाखता मग मीठमसाला कळायचा कसा? वासावरून. खुयेनबाई पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"साठी त्यांच्या सुनेनं, थोआनं, अकरा वर्षं कांदे सोलले होते. बैलाची हाडं पाण्यात भिजत घालून रक्त काढायचं, एक उकळी देऊन ते पाणी फेकायचं, हाडं घासून धुवायची, आलं आणि बारके कांदे निखाऱ्यावर काळे होईस्तोवर भाजायचे, चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची कोरडीच परतायची आणि मग मंद आचेशेजारी बसून रश्श्यावरचा फेस काढत राहायचं. ही सगळी हमाली थोआची. पण रस्सा होत आला की सासूबाई म्हणायच्या, "जा, देव्हाऱ्यावरची फुलं बघ," आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायच्या.

आत काय चालायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात त्याला शेवटचा हात म्हणत. खुयेनबाईंना तो त्यांच्या सासूनं दिला होता, आणि तोही स्वतः चूल सोडताना. पोटच्या मुलीला सांगायचा नाही, कारण मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते. सुनेला सांगायचा, पण इतक्यात नाही. आधीच सांगून टाकला तर मग सासूला विचारतंय कोण?

आणि थोआच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. ती समुद्राकाठची, मिठागरावरची पोर. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं पालेभाजीचा साधा रस्सा केला होता, तो खाऊन सासरे तांब्याभर पाणी प्यायले आणि सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं माहेरचं आंदण रश्श्यात ओतलं वाटतं." तेव्हापासून घरात काही खारट झालं की सगळे आधी थोआकडे बघायचे. ती हसायची. पण हसता हसता माणूस काय काय गिळतो ते बघणाऱ्याला दिसत नाही.

यंदा मात्र त्या बंद दारावर पैज लागली होती.

थोआच्या नणंदेचं, दुयेनचं, म्हणणं होतं की आईला आता चूल झेपत नाही. उन्हाळ्यात खुयेनबाई गॅसवर किटली ठेवून शेजारी गप्पा मारायला गेल्या आणि किटलीचा कोळसा झाला. मग एकदा माशाच्या कालवणात साखर दोनदा पडली. दुयेन राहायची हानोईत, एका उंच इमारतीत. तिला हे कळायचं काही कारण नव्हतं. फोनवर तिला हे सांगितलं होतं थोआनंच. वाईट हेतूनं नव्हे, काळजी कुणापाशी तरी बोलावी म्हणून. पण तोंडातून गेलेला शब्द कुणाला परत घेता आलाय? दुयेननं आईच्या मागे टुमणं लावलं, "माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, खालीच डॉक्टर आहे, चुलीला हात लावायचं काम नाही."

"हात लावायचं काम नाही तर हात ठेवायचे कशाला? तोडून घे," खुयेनबाई म्हणाल्या. बाई मूळच्याच तिखट. "ऐक. तुझ्या बापाच्या तिथीला पातेलं मी करीन. ते बिघडलं तर आपण होऊन बोचकं बांधीन आणि मुकाट तुझ्या गाडीत बसेन. नाही बिघडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"सगळ्या भावकीसमोर कबूल?"

"भावकीसमोरच."

थोआ तिथंच उभी होती. तिला सासू हवी होती, हे खरंच सांगायला हवं. सासू टोमणे मारायची, कांदे सोलायला लावायची. पण थोआचं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा हीच बाई महिनाभर तिच्या उशाशी झोपली होती आणि कुणालाही "आता पुढं काय" असं विचारू दिलं नव्हतं. ही बाई त्या इमारतीत वर जाऊन बसली तर करणार काय? खिडकीतून ढग मोजणार? आणि जाणार ती कुणामुळे? किटलीची बातमी पोचवणाऱ्या सुनेमुळे.

तिथीच्या सकाळपासून माणसं यायला लागली. अंगणात चटया पडल्या. सासऱ्यांचे धाकटे भाऊ थिनकाका बगलेत तांदळाच्या दारूची बाटली मारून आले आणि येताच ओरडले, "वहिनी, आज परीक्षा म्हणे तुमची! कॉपी करू नका हं!"

"तुमच्या भावानं जन्मभर माझ्याच पातेल्यावर कावड चालवली," खुयेनबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. "हानोईच्या गल्ल्यांतून फो विकत ओरडत फिरायचे ते, आणि नाव व्हायचं त्यांचं. आता परीक्षा माझी होय?"

सगळे हसले. दुयेनही हसली, पण ती आईच्या हाताकडे बघत होती. हात जरा थरथरत होते. थोआलाही ते दिसलं.

रस्सा होत आला होता. खुयेनबाई शेजारच्या घरी शेवया बघायला गेल्या. तांदळाच्या ताज्या, रुंद शेवया तिथून यायच्या होत्या, आणि त्या स्वतः बोटानं दाबून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत हा त्यांचा हट्ट. स्वयंपाकघरात थोआ एकटी. तिची नजर फळीवरच्या मिठाच्या बरणीवर गेली. बरणीचं झाकण काल तिनंच पुसून घट्ट बसवलं होतं. ते तसंच होतं. झाकणावर तिनं पालथी ठेवलेली चिमुकली बशीही तशीच.

म्हणजे सकाळपासून पातेल्यात मीठ पडलंच नव्हतं. मीठ सासूबाई पहाटेच घालतात आणि दाराआड पडतो तो कसलातरी मसाला, असंच ती अकरा वर्षं धरून चालली होती.

विसरल्या. किटली विसरल्या तशाच विसरल्या. आता येतील, दार लावतील, वास घेतील, "हं" म्हणतील आणि अळणी रस्सा भावकीच्या पुढ्यात जाईल. मग दुयेनताई काही बोलणारसुद्धा नाहीत, नुसत्या गाडीची किल्ली काढतील.

विचारलं असतं तर? हा प्रश्न थोआनं नंतर स्वतःला पुष्कळदा केला. शेजारच्या दारापर्यंत जाऊन "आई, मीठ घातलंत का" एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर चारचौघींत म्हातारीची विसरभोळी म्हणून शोभा झाली असती. असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं कारण आणखी एक होतं, आणि ते इतकं शोभिवंत नव्हतं. अकरा वर्षं कांदे सोलल्यावर त्या पातेल्यात एकदा तरी आपला हात लागावा, असं तिला वाटलं.

तिनं पळी घेतली. दाराकडे बघितलं. भिंतीपलीकडे देव्हाऱ्यावर सासऱ्यांचा फोटो होता, आणि भिंत मध्ये असली म्हणून त्यांना दिसत नसेल असं मानण्याइतकी ती भोळी नव्हती. तरी तिनं पळीभर रस्सा घेतला आणि फुंकर मारून तोंडात टाकला.

गोड. हाडांचा, दालचिनीचा, भाजल्या आल्याचा खोल गोडवा, आणि मिठाचा पत्ता नाही. साफ अळणी.

तिनं बरणी उघडली आणि मूठ भरून मीठ टाकलं. ढवळलं. मग आणखी अर्धी मूठ. पुन्हा चाखलं. आता बेताचं झालं. खरं सांगायचं तर उत्तम झालं. तिला इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. मिठागरवाल्या पोरीचा हात, म्हणे! तिनं पळी धुतली, बरणी पुसली, झाकण लावलं आणि बशी पालथी घातली, अगदी होती तशी. चोरी करणाऱ्याला टापटीप आपोआप सुचते.

खुयेनबाई शेवयांची टोपली घेऊन आल्या. पातेल्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "जा, फुलं बघ."

थोआ गेली. मागे कडी लागली.

वाडगे भरले गेले. पहिला वाडगा देव्हाऱ्यावर. त्यात शिजलेल्या मांसाचे काप, पातीचा कांदा, कोथिंबीर, सासऱ्यांना आवडायचं तसं. शेजारी उकडलेला कोंबडा, चिकट भात, दारूचा पेला. थोआचा नवरा लूक यानं उदबत्त्या लावल्या. एकेक जण पुढे होऊन वाकून गेला. थोआ वाकली तेव्हा तिनं फोटोकडे बघितलं नाही.

उदबत्त्या जळून गेल्यावर थिनकाकांनी बशीत दोन नाणी घेतली. गेलेल्या माणसाचं जेवण झालं की नाही, पान उचलायचं की नाही, हे नाण्यांना विचारायची गावची रीत. एक छापा, एक काटा पडला तर होकार.

दोन्ही छापे पडले.

"दादाचं चाललंय अजून," काका म्हणाले. "थांबा जरा. भावकी मेली भुकेनं तरी चालेल."

थोडं थांबून पुन्हा टाकली. दोन्ही काटे. लोक हसले. कुणी म्हणालं, दुसरा वाडगा मागत असतील. थोआ भिंतीला टेकून उभी होती. चोराच्या मनात चांदणं. मामंजींना कळलं, तिला वाटलं. पान उष्टं आहे हे कळलं, आणि म्हणून ते हात लावत नाहीत.

तिसऱ्या वेळी एक छापा, एक काटा पडला. "झालं बाबा एकदाचं!" असं म्हणत माणसं चटयांवर बसली. थोआनं श्वास सोडला. झालं ते झालं, असं तिला वाटलं. पान स्वीकारलं त्यांनी. आता सगळे जेवतील आणि म्हातारी घरात राहील. एवढ्या मोठ्या पुण्यासाठी एवढंसं पाप कुणीही पोटात घालेल.

वाडगे तोंडाला लागले आणि अंगण गप्प झालं.

चांगलं जेवण पुढ्यात आलं की माणसं गप्प होतात, पण ती शांतता वेगळी. ही वेगळी. कुणी लिंबू पिळत होतं, पिळलेलं लिंबू पुन्हा पिळत होतं. दुयेनच्या नवऱ्यानं हळूच किटलीतलं गरम पाणी वाडग्यात ओतलं. एक म्हातारी आत्या नुसत्या शेवया उपसून खात होती आणि रश्श्याला शिवत नव्हती. परक्याकडे कुणी काही बोललं नसतं. घरच्यांतही बोलायचं नाही असं सगळ्यांनी मनात ठरवलं असावं. पण थिनकाकांच्या जिभेला दारू लागली होती.

"वहिनी," ते ओरडले, "खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात. आज तुम्ही जेवढं घातलंय त्याला जागायचं तर मला सात जन्म झोप नाही!"

हसू फुटलं. फुटलं आणि लगेच थांबलं, कारण खुयेनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाहुण्यांच्या आधी त्या कधी जेवत नसत. त्यांनी थोआच्या हातातला वाडगा घेतला आणि एक घोट घेतला.

तो घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरला. गिळवेना आणि भावकीसमोर थुंकवेना. मग गिळला. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो थोआला दिसत होता. एवढी तिखट बाई, पण थिनकाकांकडे वळलीही नाही. देव्हाऱ्यापुढे गेली, दोन्ही हात जोडले आणि फोटोला म्हणाली, "अहो, चुकलं. तुम्हालाही हेच वाढलं मी. तुमच्यापुढे असं पान कधी आलं नव्हतं. हात गेला माझा. माफ करा."

आता बोल, थोआ स्वतःला म्हणाली. आत्ता. अजून काही बिघडलं नाही.

तिनं तोंड उघडलंही. पण त्याच क्षणी दुयेन उठून आईपाशी गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, अगं, होतं वयानं. म्हणून तर म्हणतेय ना मी." आणि लूक, बायकोची बाजू घ्यायला म्हणून की काय, बोलून बसला, "थोआ कधीपासून सांगतेय, आईला आठवत नाही म्हणून. मीच मनावर घेतलं नाही."

सगळ्यांनी थोआकडे बघितलं. खुयेनबाईंनीही बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नजरेत होतं ते एवढंच, की अच्छा, म्हणजे हिला आधीच कळलं होतं.

काय सांगणार? की मी चाखलं? श्राद्धाचं पातेलं उष्टं केलं, ते तुम्ही सगळ्यांनी हात जोडून देव्हाऱ्यावर ठेवलंत, आणि आता त्याचाच प्रसाद खाताय? सगळ्या चटया तिच्याकडे बघत होत्या. ती खाली वाकली आणि रिकामे वाडगे गोळा करायला लागली. काही वाडगे रिकामे नव्हतेच. तेही तिनं उचलले.

दुपारी खुयेनबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कडी लावून घेतली. या वेळी दोघीही आत होत्या.

"ये. हे तुला द्यायचंय." त्यांनी कपाटाच्या मागून एक जुना, कडेला टवका उडालेला वाडगा काढला. आतल्या बाजूला चुन्याची एक पुसट रेघ होती. "मी उकळत्या रश्श्यात मीठ कधीच घालत नाही. कधीच. हाडं घट्ट होतात, गोडवा सोडत नाहीत. सगळा खारेपणा खारवलेल्या माशाच्या अर्कातून येतो, आणि अर्क अगदी शेवटी, आच बंद करून. आधी घातला तर आंबूस होतो. मोठ्या पातेल्याला या रेघेपर्यंत एक वाडगा. बस. एवढाच शेवटचा हात. माझ्या सासूनं दिला तो, जसाच्या तसा."

थोआनं तो वाडगा हातात घेतला. म्हणजे रस्सा अळणी होता तो विसरून नव्हे. तो अळणीच असायचा होता.

"मी दोनदा ओतला असणार," खुयेनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब लावून बघणाऱ्या माणसाचा. "आठवायला बसले मघापासून. एकदा ओतलेलं आठवतं, चांगलं आठवतं. दुसऱ्यांदाचं काहीच आठवत नाही. तेच तर वाईट ना? केलं आणि आठवतही नाही. दुयेन म्हणते ते खरं. उद्या घर पेटवून देईन आणि आठवणार नाही."

"आई..."

"रडू नको. चांगली गोष्ट आहे, हात तुझ्याकडे आला. मला वाटलं होतं अजून थोडी वर्षं तुला छळीन."

"आई, ऐका ना. मीच..."

बाहेरून दुयेननं दार वाजवलं. "आई, औषधांची पिशवी कुठली?" आणि खुयेनबाई कडी काढून बाहेर गेल्या. थोआ वाडगा हातात धरून तशीच उभी राहिली. दाराच्या आत दोघीच होतो तेव्हा बोलले नाही. ही लाज तिला सगळ्यांसमोरच्या गप्प बसण्याहूनही मोठी वाटली. तिथं भावकीची भीती होती असं म्हणता आलं असतं. इथं कुणाची होती?

बोचकं लहानसंच झालं. खुयेनबाईंनी नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून केस नीट केले. दुयेन म्हणाली, "बाबांचा छोटा फोटो घेऊन ये हवं तर, माझ्याकडे ठेवू."

"त्यांना कुठं नेतेस? त्यांचं घर इथं. त्यांचा देव्हारा मुलाच्या घरी." म्हातारी थांबली. "मला लेकीच्या घरी जायचंय, त्यांना नाही."

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. निरोप द्यायला भावकी जमली. थिनकाकांची नशा उतरली होती आणि ते सारखे म्हणत होते, "वहिनी, मी आपली गंमत केली हो. चांगला होता रस्सा. मी वाडगा चाटून पुसून..."

"तुम्ही चाटलात म्हणजे दारूच्या नादात," खुयेनबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना जरा हसता आलं. त्या गाडीत बसल्या. दुयेननं दाराला हात घातला.

"थांबा!" थोआ ओरडली.

ती गर्दीतून पुढे आली. तिनं गाडीचं दार धरलं. "आई, मीठ मी घातलं. तुम्ही शेवया बघायला गेलात तेव्हा. बरणीचं झाकण तसंच होतं, मला वाटलं तुम्ही विसरलात. मी चाखलं. पळीनं चाखलं, आणि दीड मूठ मीठ घातलं. तुम्ही अर्क एकदाच ओतलात. तुमचं काही चुकलं नाही. तुमचा हात गेलेला नाही. माझी चूक आहे ही, फक्त माझी."

एका दमात बोलून गेली. बोलल्यावर तिला वाटलं, आता आकाश कोसळलं तरी चालेल.

आकाश कोसळलं नाही. मग म्हाताऱ्या आत्यानं पदर नसल्यानं बाहीनंच डोळे पुसले. "सून असावी तर अशी," ती म्हणाली. थिनकाका मान डोलवत म्हणाले, "सासूचं अपयश आपल्या डोक्यावर घेतेय पोर. दादा, बघतोस ना रे वरून?" दुयेनचे डोळे भरून आले. तिनं थोआचा हात दोन्ही हातांत घेतला.

"नाही, ताई, खरंच सांगतेय मी," थोआ म्हणाली. "मी चाखलं. श्राद्धाचं पातेलं चाखलं मी!"

"तू?" खुयेनबाई गाडीतून म्हणाल्या. आणि त्या हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा. "तू चाखशील होय? अकरा वर्षं बघतेय मी तुला. पोटात कावळे ओरडत असताना सकाळपासून फेस काढत बसायचीस, बोट नाही लावलंस कधी. वेडी कुठली. मिठागरवाली म्हणून चिडवायचे मी, ते बरं हाताशी आलं तुला. थापही मारलीस ती माहेरच्या मिठाचीच."

"थाप नाही, आई! लूक, तू तरी सांग!"

लूकनं तिच्या पाठीवर हात ठेवला, समजूत काढायला ठेवतात तसा.

"बरणीत बघा. मीठ कमी झालंय," थोआ म्हणाली. पण मीठ रोजच कमी होतं, हे तिलाही माहीत होतं.

दुयेननं तिला जरा बाजूला घेतलं आणि कानाशी हळूच म्हणाली, "वहिनी, कळतंय गं मला. पण पुरे आता. तू जितकं बोलशील तितकं आईला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा लाजवल्यासारखं होतंय. बघ तिच्याकडे."

थोआनं बघितलं. म्हातारी हसत होती खरी, पण मांडीवरच्या बोचक्याची गाठ तिची बोटं सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. एवढ्या लोकांच्या मध्ये, एका बिघडलेल्या पातेल्यासाठी, पुन्हा नव्यानं शरमत होती.

थोआनं दार सोडलं. खरं बोलून झालं होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. उलट तिची अब्रू वाढली होती. अंगणात जेव्हा हे खरं कुणाला घर मिळवून देऊ शकत होतं, तेव्हा ती वाडगे गोळा करत होती. आता गल्लीतल्या बायका तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि तिला ते कौतुक अंगावर ओतलेल्या उकळत्या पाण्यासारखं लागत होतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. कुणी मारणार नव्हतं.

गाडी सुरू झाली. खुयेनबाईंनी काच खाली केली आणि खुणेनं तिला जवळ बोलावलं. थोआ वाकली. म्हातारीच्या अंगाला अजून चक्रीफुलाचा, भाजल्या आल्याचा वास येत होता.

"एक सांगायचं राहिलं," खुयेनबाई तिच्या कानात म्हणाल्या, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. "पुढच्या वर्षी तू एकटी करशील ना, तेव्हा माझ्यासारखा ताठा करू नकोस. नुसत्या वासावर जाऊ नकोस. पानात वाढायच्या आधी पळीभर घेऊन चाखून बघ. त्यांना मी सांगून ठेवीन, ते नाही रागावणार. सासूनं मला तसं सांगितलं असतं तर आज हे झालं नसतं. चाखशील ना?"

थोआनं काचेची कड धरली होती. तिनं म्हातारीच्या डोळ्यांकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिला बघता आलं नाही.

"हो, आई," ती म्हणाली. "चाखीन."